सामनेवालीच्या घरचे लाडू

"पोट खाली उतरलंय की गं तुझं!"

दारात उभ्या राहिलेल्या बाईचं हे पहिलं वाक्य. मी बालवाडीच्या इवल्याशा लाल खुर्चीत रुतून बसले होते. माझ्या मागच्या भिंतीवर 'अ अननसाचा' रंगवलेला, आणि त्या अननसाच्या डोक्यावर आम्ही चिकटवलेला कागद : 'मोफत कायदा सल्ला केंद्र'.

"या ना मावशी, बसा," शेजारी बसलेली नाझनीन टुणकन उठली. "काय तक्रार आहे आपली?"

"माजी कसली तक्रार? हिला बघाय आले. दोन पोरी एसटीनं येत्यात, त्यातली एक दिवसातली हाय, असं ऐकलं. कितवा?"

"आठवा," मी म्हणाले.

"आन खाती काय? पेन?"

मी खरंच पेनाचं टोपण चावत होते. नाझनीन हसताना पुढ्यातल्या टेबलावर आडवी झाली, आणि तेही बालवाडीचंच असल्यामुळे जवळजवळ जमिनीवरच.

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला लीगल एड क्लिनिकचा पेपर असायचा. पुस्तकातला नव्हे, गावातला. शनिवारी ठरलेल्या गावी जायचं, लोकांचं ऐकून घ्यायचं, अर्ज लिहून द्यायचे, भांडण मिटत असेल तर मिटवायचं. कोर्टात उभं राहायचा किंवा कशावर वकील म्हणून सही करायचा अधिकार आम्हाला अर्थातच नव्हता. त्यासाठी आधी पदवी, मग बार कौन्सिलची सनद, मग आणखी एक परीक्षा. पण या सगळ्या माळेचा पहिला मणी म्हणजे क्लिनिकचं प्रमाणपत्र, आणि ते मिळायचं एकाच गोष्टीवर. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली निदान एक तडजोड हवी. नुसत्या हजेरीला आमच्या घाटगे मॅडम 'एसटीचा पास' म्हणायच्या.

क्लिनिकसाठी निवड करतानाही त्यांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं होतं.

"हेमांगी, रस्ता खराब आहे. पुढच्या वर्षी केलंस तर?"

"मॅडम, नियमांत गरोदर विद्यार्थिनीला मनाई नाही. मी वाचलेत."

"सगळे वाचलेस?"

"दोनदा."

"मग जा. आणि लक्षात ठेव, पक्षकाराच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आज पाणी, उद्या चहा, परवा वकील विकला गेला."

'पुढच्या वर्षी' या शब्दांची मला धास्ती होती. ती सासूबाईंमुळे. त्या काही वाईट बोलल्या नव्हत्या. एकदा भाजी निवडता निवडता सहज म्हणाल्या होत्या, "माझी डी.एड.ची पुस्तकं शंतनू झाला तेव्हा माळ्यावर ठेवली. म्हटलं, पुढच्या वर्षी काढू." आणि पुढची जुडी सोडायला घेतली होती. शंतनू, म्हणजे माझा नवरा, तेव्हा तीस वर्षांचा होता.

तर मला बाळाआधी एक तडजोड हवी होती. आणि मोहितेवाडीत आमच्याकडे कुणीसुद्धा येत नव्हतं. वाडीतल्या लोकांचं म्हणणं साधं होतं. त्या खोलीत जो शिरला त्याच्या घरात काहीतरी लफडं आहे, हे अख्ख्या गावाला कळणार. मग कोण शिरेल? एक म्हातारे आजोबा तेवढे पंख्याखाली झोपायला यायचे.

पण पोट बघायला यायला कुणाला लाज वाटेना! त्या बाई, हौसाबाई मोहिते, पुढच्या शनिवारी डबा घेऊन आल्या. शेवग्याच्या शेंगांची आमटी.

"मावशी, आम्हाला पक्षकारांकडचं खाता येत नाही," मी कसंबसं म्हणाले. वास नाकात शिरला होता.

"मी कुठली पक्षकार? मी तर बघाय आलेली."

मी नाझनीनकडे पाहिलं. नाझनीननं छताकडे पाहिलं. "कायद्यानं बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली.

मी आमटी ओरपली. आणि मी शेवटची शेंग चोखत असताना हौसाबाई हळूच म्हणाल्या, "आता तू मोकळीच हायस तर एक सांगू का?"

शेजारणीच्या न्हाणीचं पाणी त्यांच्या परड्यात येत होतं. वर्षानुवर्षं. चिखल, डास, घाण. बोलणं तर कधीच बंद झालं होतं.

मी झटकन वही ओढून लिहायला घेतलं. माझी पहिली पक्षकार!

"तुमचं नाव हौसाबाई मोहिते. पतीचं नाव?"

हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि सोळा वर्षांच्या पोरीसारख्या लाजल्या. "आधार कार्डावर हाय. पुढल्या वारी आणते."

"बरं. सामनेवालीचं नाव?"

लाज क्षणात पळाली. "तिचं नाव माझ्या तोंडात नको. लिही, कंडक्टरची बायको."

मी तसंच लिहिलं.

हौसाबाईंनी वाट मोकळी करून दिली म्हणायची. मग बायका येतच राहिल्या. कुणी लिंबाचं लोणचं, कुणी भाजलेले शेंगदाणे. 'वकिलीणबाईला बघून येते' हे वाडीत देवळाला जाऊन येण्याइतकं सभ्य कारण ठरलं. बहुतेक सगळ्या खरंच मला बघायलाच यायच्या, कूस बदलून झोप, अमुक खाऊ नको असं सांगून जायच्या. पण त्यांतल्याच एक होत्या रतनबाई. त्या नेहमी उशिरा येत. गंमत म्हणजे त्या दारात दिसल्या की हौसाबाईंना हटकून म्हशीची आठवण व्हायची आणि त्या मागच्या दारानं जायच्या. मी नाझनीनला म्हटलंसुद्धा, "काय जबाबदार बाई आहे बघ, म्हशीची वेळ चुकवत नाही."

रतनबाईंनी डिंकाचे लाडू आणले. त्यांच्याही बाबतीत तेच. त्या पक्षकार नव्हत्या, बघायला आल्या होत्या. दुसऱ्या लाडवानंतर त्यांना आठवलं की शेजारणीचं झाड त्यांच्या पत्र्यावर आलंय. फांद्या मोडून पडतात, सुरवंट घरात येतात, पत्रा वाजतो, आणि नवरा पहाटेच्या ड्यूटीचा, त्याची झोप होत नाही.

"पतीचं नाव?"

"अगं बया! असं कसं घेऊ? कार्डावर हाय."

"सामनेवालीचं?"

"शीऽऽ. बँडवाल्याची बायको म्हन."

मी तसंच लिहिलं. वाडीत सगळेच मोहिते, घर नंबर कुणाला पाठ नाही, आणि आधार कार्ड काही येत नव्हतं. पण माझ्याकडे दोन प्रकरणं होती! परतीच्या एसटीत आम्ही दोघी इतक्या खूश होतो की नाझनीननं एका अनोळखी आजींना फुकट कायदेशीर सल्ला दिला. त्यांनी मागितला नव्हता.

शेवटचा शनिवार आला. त्या दिवशी घाटगे मॅडम तपासणीला येणार होत्या. त्या दिवशी सह्या झाल्या तर झाल्या, नाहीतर पेपर पुढच्या वर्षी. दोन्ही सामनेवाल्यांना निरोप पाठवा, असं मी दोघी मावशींना आदल्या शनिवारी वेगवेगळं गाठून बजावलं होतं. दोघी ठसक्यात म्हणाल्या होत्या, "येती का न्हाय बघ. तिला यावंच लागतंय."

आम्ही बालवाडीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. आत झेंडूच्या माळा होत्या. 'अ अननसाचा'च्या खाली एक मोठी खुर्ची, तिच्यावर हिरवं पातळ पसरलेलं. आणि अख्ख्या वाडीतल्या बायका.

"हे काय?"

"डोहाळजेवण!" हौसाबाई म्हणाल्या. "पयलटकरीण गावात येती, आन ओटी भरल्याबिगर जाती व्हय? बस."

"अहो, आज तपासणी आहे! मॅडम येणारेत!"

"येऊ दे की. त्यास्नीबी जेवाय घालू."

पाच मिनिटांत माझ्या अंगावर हिरवी साडी, गळ्यात फुलांचा हार, कपाळावर मुंडावळ्यांसारखं काहीतरी आणि हातात फुलांचं धनुष्य होतं. नाझनीन डोळे पुसत होती, हसून हसून. दोन वाट्या झाकून पुढं आल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

"उचल, हेमांगी," नाझनीन माझ्या कानात कुजबुजली. "पण हे लिंगनिदानबंदी कायद्यात बसतं का गं?"

मी धनुष्य खाली ठेवून खोखो हसत वाटी उचलली. बर्फी. आणि दारातून आवाज आला, "छान."

घाटगे मॅडम. काळी पर्स, कडक इस्त्रीची सुती साडी, वर गेलेल्या भुवया.

मी उठायला गेले. खांद्यांवर दहा हात पडले. "बस. ओटीतनं उठू नाय."

मॅडमना कुणीतरी माझी जुनी लाल खुर्ची दिली. त्या तिच्यात बसल्या. म्हणजे कशा बसल्या ते मी इथं लिहीत नाही, मला अजून त्यांच्यापुढे उभं राहावं लागतं.

"प्रकरणं?" त्यांनी विचारलं.

"दोन आहेत, मॅडम."

"पक्षकार?"

"इथंच आहेत. सामनेवाल्या यायच्या आहेत."

"आधी उखाणं!" मागून कुणीतरी ओरडलं. "नाव घेतल्याबिगर काय बी न्हाय!"

सुरुवात माझ्यापासून झाली. रात्रभर कायद्याची कलमं घोकलेल्या डोक्यातून जे निघालं ते असं :

"हातात येऊ दे सनद, कुशीत येऊ दे बाळ,
शंतनुरावांचं नाव घेते, पुढची तारीख टाळ!"

हशा झाला. मॅडमच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला. मग रतनबाईंना पुढं ढकललं गेलं. ज्या बाईनं इतके आठवडे मला नवऱ्याचं नाव सांगितलं नव्हतं, तिनं पदर खोचला, हनुवटी वर केली आणि खणखणीत आवाजात म्हटलं :

"डबल बेल वाजली, गाडी सुटली घाटात,
किसनरावांचं नाव घेते कंडक्टरिणीच्या थाटात!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. एक टाळी, दीड टाळी. मग माझे हात हवेतच थांबले.

कंडक्टर.

नाझनीननं माझा दंड इतका जोरात चिमटला की बाळानं आतून लाथ मारली. तोवर हौसाबाई उभ्या राहिल्या होत्या. 'नको, मावशी, नको' असं मी मनात म्हणत होते. पण उखाणा कोर्टाच्या मनाईनंसुद्धा थांबत नाही.

"वरातीत वाजतोय बँड, पुढं नाचतोय घोडा,
दगडूरावांचं नाव घेते, आता वाट सोडा!"

टेबलावर, चिवड्याच्या परातीखाली, माझ्या हातचे दोन अर्ज होते. मॅडमनी परात उचलून बाजूला ठेवली. पहिला वाचला. दुसरा वाचला. पुन्हा पहिला वाचला. मग चष्मा काढला.

"हेमांगी, या प्रकरणात तू हौसाबाईंच्या बाजूनं लिहिलंयस, कंडक्टरच्या बायकोविरुद्ध."

"हो, मॅडम."

"आणि यात रतनबाईंच्या बाजूनं, बँडवाल्याच्या बायकोविरुद्ध."

माझ्या कपाळावरची फुलं थरथरायला लागली होती. "हो, मॅडम."

"अभिनंदन. एकाच भांडणात तू दोन्ही बाजूंची वकील आहेस. व्यावसायिक नीतिमत्तेच्या पेपरात मी असा प्रश्न विचारला असता तर मुलांनी म्हटलं असतं, मॅडम, असं कधी होतं का!"

फक्त पंख्याखालचे आजोबा घोरत होते. हौसाबाईंच्या डोक्यात मजकूर हळूहळू उतरला.

"म्हंजी... माजी तक्रार लिवणारी हीच पोरगी, तिचीबी लिवत हुती?"

"आन माजीबी!" रतनबाई.

"ऐकलंस का गं, रतने?"

"ऐकलं की, हौसे! आन लाडू खाल्लं माझं!"

"आमटी प्याली माझी! वाटी चाटून!"

"मला म्हनली, मावशी, काळजी करू नका, मी हाय तुमच्या बाजूनं!"

"मलाबी तेच म्हनली!"

दोघी कमरेवर हात ठेवून माझ्यापुढं खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. मागच्या बायका मात्र माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या या दोघींकडे आ वासून बघत होत्या. एक म्हातारी हळूच बोलली, "आगं, ह्या बोलल्या की!"

दोघी चपापल्या. एकमेकींकडे पाहिलं आणि झटकन तोंडं फिरवली. पण बोलून तर झालं होतं.

माझी सनद डोळ्यांदेखत पुढच्या वर्षात निघाली होती, मागोमाग पुस्तकं माळ्यावर. आणि अशा वेळी माणसाला काय सुचावं? मला भूक लागली. हिरव्या साडीत, मॅडमसमोर, बदनाम होऊन बसलेल्या मला त्या क्षणी शेवग्याची आमटी हवी होती. परड्यातलं पाणी, पत्र्यावरचं झाड, वाटीतल्या शेंगा, सगळं एकदमच डोक्यात फिरलं.

"मावशी," मी हौसाबाईंना म्हणाले, "तुमच्या शेंगा कुठल्या झाडाच्या?"

"परड्यातल्या. आता काय झाडावरबी अर्ज लिवतीस?"

"ते पत्र्यावर गेलेलं झाड? शेवग्याचंच?"

"त्योच!" रतनबाई फणकारल्या. "राक्षस हाय नुसता!"

"आमच्या वाडीत एवढा शेवगा कुनाचा न्हाय," हौसाबाईंनी मान उंचावली. "आन पाणी घालावं लागत न्हाय. आपसूक वाढलाय."

"आपसूक?" रतनबाई गरकन वळल्या. "आपसूक? दोन टाइम माझ्या घरातली माणसं आंघुळ करत्यात, ते पानी जातंय कुठं?"

हौसाबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

पहिली फुटली ती नाझनीन. मग ती म्हातारी. मग सगळी बालवाडी. रतनबाई तोंडावर पदर दाबून हादरत होत्या, आणि हौसाबाई रागानं म्हणत होत्या, "हसताय काय गं? हसताय काय?" आणि म्हणता म्हणता स्वतःच भिंतीला टेकल्या. "म्हंजे कंडक्टरच्या आंघुळीच्या पान्यावरची आमटी पाजली मी ह्या पोरीला!"

"म्हनून तर गुटगुटीत झालीया," रतनबाई म्हणाल्या.

पुढचं त्या दोघींनीच ठरवलं. मी आणि नाझनीननं फक्त लिहून घेतलं, आणि तेही मॅडमनी डोळ्यांनी परवानगी दिल्यावर. न्हाणीपासून पाइप टाकायचा, थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत. खर्च निम्मा निम्मा. पत्र्यावरच्या फांद्या छाटायच्या, आणि पत्र्याच्या बाजूच्या शेंगा रतनबाईंच्या.

"सह्या करा," मी पेन पुढं केलं. टोपण चावलेलं.

"थांब," मॅडम म्हणाल्या.

मी पेन मागं घेतलं.

"वकील म्हणून तू दोन्ही प्रकरणांतून बाद आहेस, हेमांगी. ते अर्ज फाड."

मी फाडले.

"मध्यस्थाला मात्र दोन्हीकडचं ऐकावंच लागतं. फक्त त्याला दोघांची संमती लागते, आणि ती आधी घ्यायची असते, आमटीच्या आधी." त्या दोघी बायकांकडे वळल्या. "हौसाबाई, रतनबाई, या मुलीनं तुमचं दोघींचं ऐकलं. तुम्हाला न सांगता. चूक तिची आहे. तुम्हाला ती मध्यस्थ म्हणून चालणार असेल तर हा कागद राहील. नसेल तर मी दुसऱ्या मुलाला पाठवेन, पुढच्या वर्षी."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. डोळ्यांतलं पाणी मुंडावळ्यांनी लपलं नसावं. दोघी कोपऱ्यात गेल्या. बराच वेळ कुजबुज चालली. आवाज मधेच चढला, मधेच हसू आलं.

"चालंल," हौसाबाई परत येऊन म्हणाल्या. "पर एक अट."

"बारशाला दोघींस्नी बोलवायचं," रतनबाईंनी पुरं केलं. "मागं-पुढं न्हाय. एकाच गाडीनं. ह्यांच्याच गाडीनं."

सह्या झाल्या. मॅडमनी शेवटी त्यांची सही केली, पेनाला टोपण लावलं, ते टोपण बघून नाक मुरडलं, आणि हात लाडवांच्या ताटाकडे नेला.

"मॅडम!" नाझनीन किंचाळली. "पक्षकाराच्या घरचं!"

"प्रकरण मिटलंय," मॅडम भरल्या तोंडानं म्हणाल्या.

माझ्या लेकीला रोज झोपताना हीच गोष्ट हवी असते. पण शेवग्याला पाणी कोण घालतं इथवर आलं की तिचे डोळे मिटतात. पुढचं तिला अजून ठाऊकच नाही. तिच्या जन्मानंतर दीड वर्षानं मला सनद मिळाली. त्यानंतरच्या परीक्षेला सासूबाई तिला कडेवर घेऊन केंद्राबाहेरच्या लिंबाखाली बसल्या होत्या. मी बाहेर आले तर म्हणाल्या, "पुस्तकं कुठं ठेवू म्हणून विचारू नकोस. माळ्यावर जागा नाही. माझी मी खाली काढलीयत, पण तिथं आता पाळणा ठेवलाय."

तो पाळणा बारशाचा. अटीप्रमाणे दोघी एकाच गाडीनं आल्या होत्या, किसनरावांच्या, आणि दगडूरावांनी पिशवीतून आपला क्लॅरोनेट आणला होता. घाटगे मॅडमही आल्या. प्रमाणपत्र त्यांनी बाळाच्या उशाशी ठेवलं, अहेरासारखं.

पाळण्याच्या एका बाजूला हौसाबाई उभ्या राहिल्या, दुसऱ्या बाजूला रतनबाई. कुणी तसं सांगितलं नव्हतं. त्या सवयीनं आमनेसामने उभ्या राहिल्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याखालून, पाळण्यावरून या हातांतून त्या हातांत फिरू लागलं. एकदा, दोनदा. मग बाळ हौसाबाईंकडे गेलं आणि परत येईना.

"दे की गं," रतनबाई म्हणाल्या.

"थांब जरा. माझ्या शेंगांवर वाढलीया."

"अन् माझ्या पान्यावर! निम्मं निम्मं ठरलंय!"

"शेंगांचं ठरलंय! पोरीचं कुठं?"

"वकिलीणबाई!" दोघी एकदमच माझ्याकडे वळल्या. मी पदर सावरून पुढं झाले, अगदी गंभीर चेहऱ्यानं, आणि मागून खुर्चीतून तो ओळखीचा, इस्त्रीचा आवाज आला :

"हेमांगी, हे प्रकरण तू घ्यायचं नाहीस. यात तू पक्षकार आहेस."